पाचवं दार

चार नाट्यविभागांनी शर्वाणीला नकार दिला होता. पाचव्या दारात ती उभी राहिली, तेव्हा आशा म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. आणखी कुठे ऑडिशन दिली, असं विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं, तसे विभागप्रमुख कडाडले, “पाच ठिकाणी ऑडिशन? खरा कलावंत एकाच दारी डोकं टेकतो!”

गमवायचं काहीच नव्हतं. तिने विचारलं, “सर, तुम्ही प्रतीक्षायादी कशाला लावता?”

“निवडलेली मुलं ऐनवेळी दुसरीकडे जातात. जागा रिकामी राहायला नको.”

“तुमची जागा रिकामी राहू नये म्हणून तुम्ही दहाजणांना ताटकळत ठेवता. माझं अख्खं वर्ष वाया जाऊ नये म्हणून मी पाच दारं ठोठावली, तर मीच बेइमान?”

शेजारचे परीक्षक मान खाली घालून हसले. सरांनी पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी फलक लागला. शर्वाणीचं नाव सगळ्यात वर होतं. प्रतीक्षायादीत.