खैरवेळच्या झऱ्यावरची पहिली ओंजळ

पाहुणे, पाणी प्याल ते प्याच. पण पहिली ओंजळ कोणाच्या नावाने सोडणार?

खैरवेळच्या या झऱ्यावर पहिली ओंजळ आपली नसते. ही जाड बुंध्याची गोरखचिंच दिसते ना, तिच्या मुळाशी ती सोडावी, आपल्या गेलेल्या एका माणसाचे नाव मोठ्याने घ्यावे, मग प्यावे. येथे कोणाचा देव विचारीत नाहीत. एकदा विचारला होता.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून माणसे विकायला आणीत, त्या काळची ही गोष्ट. असे सांगतात की, अशाच एका गलबताने मवाजा नावाची बाई तापाने फणफणलेली पाहून खाडीच्या तोंडाशी टाकून दिली. मरणारी म्हणून टाकली; ती जगली. खोतांच्या गोठ्यात राबू लागली, येथली भाषा शिकली. खोतीण म्हाळसाबाई निपुत्रिक होती. दोघी भात कांडीत, तेव्हा मवाजाने तिला आपले दुःख सांगितले. गलबतावरचे पाणी संपले होते. तिची लहानगी तातू पाणी पाणी करीत तिच्या मांडीवरच मेली आणि खलाशांनी तिला समुद्रात लोटले. म्हणून मवाजा झऱ्यावर गेली की पहिली ओंजळ भुईवर सोडी आणि म्हणे, "तातू, आधी तू पी."

मग एके वर्षी पाऊस आला नाही. विहिरी खारावल्या, गोडे पाणी उरले ते या झऱ्याला. खोताने तेथे राखणदार बसवला. गुरवाने पिंडी पाण्यात बुडवून ठेवली. दाऊद मुजावराने माणसे माळावर नेली, अंगरखे उलटे घालून दुवा मागितली. आभाळ कोरडेच राहिले. तेव्हा खोताला मवाजाची ओंजळ दिसू लागली.

त्याने तिला गावासमोर उभे केले. "कोणाला घालतेस हे पाणी? तुझा देव राहतो कोठे?"

"मुलुंगु कोठे राहत नाही, खोत. त्याला पुरेल एवढे घर नाही. मी लहान, माझी हाक त्याच्यापर्यंत जात नाही. माझी मेलेली माणसे त्याच्याजवळ आहेत. त्यांना पाणी देते, ती माझे बोलणे नेतात."

"एवढा मोठा देव, तर एखादा ढग तरी धाड म्हणावे त्याला!" खोत म्हणाला. माणसे हसली.

मुजावर हसला नाही. "आमच्यात मधे कोणी लागत नाही, बाई," तो म्हणाला. "तुझी वाट मला पटत नाही. पण खोत, तहानेल्याचे पाणी तोडणे कोणत्या धर्मात बसते?"

गुरव खाली पाहत राहिला. त्याचे दाणे खोताच्या कणगीतून येत.

म्हाळसाबाई पदराआडून म्हणाली, "अहो, तुम्हीही अमावास्येला पितरांना पाणी सोडताच की."

"ते शास्त्र आहे. ही भुतावळ आहे. हिच्यामुळेच पाऊस अडला." आणि त्याने हुकूम दिला, की मवाजा ओंजळ सोडणे बंद करीत नाही, तोवर तिला पाण्याचा थेंब मिळणार नाही. कोणी दिला, तर त्याचेही पाणी बंद.

म्हाळसाबाईने तिला गोठ्यात गाठले. "अगं, मनातल्या मनात म्हण. कोणाला कळते?"

"बाय, आमच्यात माणूस दोनदा मरते. एकदा श्वास जातो तेव्हा. मग त्याचे नाव घेणारे शेवटचे तोंड मिटते, तेव्हा. तातूचे नाव घेणारी मी एकटी उरले. तिला मी पुन्हा तहानेली मारू?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात म्हाळसाबाई तांब्या पदराखाली घेऊन निघाली. ओटीवर खोत बसला होता. "कोठे?" तो एवढेच म्हणाला. ती मागे फिरली. जन्मभर तिने नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता; तो दिवस मोडण्याचा होता, हे तिला उशिरा कळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धावत झऱ्यावर आली, तेव्हा मवाजा दगडाला टेकून निजल्यासारखी पडली होती. ओठ फुटले होते. शेजारची भुई मात्र ओली होती. राखणदार तोंड झाकून रडत होता. "डोळा चुकवून मी एक ओंजळ दिली, खोतीणबाई. प्यायली नाही. तातूला दिली."

तिच्या कनवटीला कसलेसे बी निघाले. तातू त्याच्याशी खेळत असे म्हणे. म्हाळसाबाईने ते त्याच ओल्या भुईत पुरले. त्याचीच ही गोरखचिंच. त्या दिवसापासून पहिली ओंजळ म्हाळसाबाई सोडू लागली, उघड, खोताच्या देखत. मायलेकींची नावे ती मोठ्याने घेई. मग गुरव सोडू लागला, मुजावर सोडू लागला. आजही सोडतात.

खोत पुढे पुष्कळ जगला. गोठा भरलेला होता, कणगी भरलेली होती. मरताना त्याने बायकोचा हात धरून विचारले, "मला पाणी सोडशील ना?"

"सोडीन," ती म्हणाली.

तिने शब्द पाळला. दहाव्या दिवशी खाडीवर सगळे जमले. भटजींनी तिलांजलीसाठी मृताचे नाव उच्चारायला तोंड उघडले, आणि नाव आले नाही. त्यांनी पुतण्याकडे पाहिले, त्याला आठवेना. खोताचा चेहरा सर्वांना आठवत होता, काठी आठवत होती, आवाज आठवत होता. नाव कोणालाच नाही. शेवटी म्हाळसाबाईला विचारले. नवऱ्याचे नाव तिने रीतीप्रमाणे कधी जिभेवर घेतले नव्हते. पण मनात तर होते. ती डोळे मिटून शोधत राहिली. भरती चढली, उतरली. तिला काही सापडले नाही.

पाणी बिननावानेच सोडले. ते कोणालाच पोहोचले नाही, असे सांगतात.