बिननावाचा पाळणा

एका राज्यात माणसे मरेनाशी झाली. रससिद्ध वज्रदंताने सात वर्षे पारा खलून एक रसायन सिद्ध केले. राजा सुकेतूने ते आधी स्वतः प्राशन केले, मग प्रजेलाही वाटले. राजा उदार होता, आणि चूक झाली ती औदार्यापायीच.

त्या राज्याची रीत अशी, की बाळाला गेलेल्या माणसाचेच नाव ठेवायचे. जिवंत माणसाचे नाव दुसऱ्याला देणे पाप. आता कोणी जाईना, म्हणून नाव मोकळे होईना. आणि बिननावाचे मूल तिथे वाढत नसे. राजकन्या हेमांगीचा मुलगा तीस वर्षे पाळण्यात होता. त्याला अजून दात नव्हते. ती दोरी ओढून थकली होती, आणि तिला त्याला चालताना पाहायचे होते.

एके सकाळी एक भारद्वाज पक्षी सज्ज्यावर येऊन बसला. तो म्हणाला, "राजकन्ये, निळ्या डोंगरावरची मुळी आण. कोरड्या विहिरीचे पाणी आण. त्यांच्या काढ्याने रसायन उतरेल आणि पिणाऱ्याला मरण येईल. तिसरे काम अवघड. पिणारा आपखुशीने पुढे आला पाहिजे."

मुळीवर सात फण्यांचा नाग होता; त्याने वाट दिली. कोरड्या विहिरीत ती रडली आणि विहीर भरली. दोन्ही कामे तीन दिवसांत उरकली.

मग ती दारोदार हिंडली. सेनापती म्हणाला, "सोंगट्यांचा डाव अर्ध्यावर आहे." एक आजी म्हणाली, "यंदाचे लोणचे मुरू दे." वज्रदंत म्हणाला, "रसायनात थोडी सुधारणा बाकी आहे." सगळे गोड बोलले आणि सगळ्यांनी दारे लावून घेतली.

राजाने विचारले, "सगळ्यांना विचारलेस?"

"एक घर सोडून, तात."

"ते का सोडलेस?"

"तिथे माझे वडील राहतात."

राजाने पाळण्याला एक झोका दिला, काढा पिऊन टाकला आणि बसल्या जागी डोळे मिटले. हेमांगी त्याच्या पायांशी बसून पोटभर रडली.

तेराव्यानंतर बारसे झाले. ती बाळाच्या कानाशी वाकली. वडिलांचे नाव तिने जन्मात तोंडाने घेतले नव्हते. जीभ अडखळली. मग म्हणाली, "सुकेतू."

बाळाने कूस बदलली, पाळण्याचा काठ धरला आणि ते उभे राहिले.

ते पाहून म्हातारी माणसे एकेक करून काढा मागायला आली. त्या वर्षी राज्यात घरोघर रडणे झाले, आणि घरोघर बारशीही झाली.