घड्याळाचे दोन कप्पे

संगणकाच्या पोटातले भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. कालव्याचं दार उघडणाऱ्या एका संगणकात घड्याळ होतं. त्याचा एक कप्पा मिनिटांचा, दुसरा तासांचा. सकाळी जागा होताना संगणक एकदाच वेळ विचारी आणि दिवसभर तिच्यावरच चाले. ती वेळ आणायला एक नवा निरोप्या, म्हणजे ओळींनी लिहिलेला छोटा प्रोग्राम, आला.

संगणकाच्या दाराशी म्हातारी चाळणी बसलेली असे. कुणाच्याही ओळी तपासल्याशिवाय ती आत सोडत नसे.

"हजारदा वेळ आणली, एकदाही चुकलो नाही," निरोप्या म्हणाला.

"म्हणूनच शंका येते. मिनिटं बघून तू तासांपाशी जाईपर्यंत घड्याळ थांबतं का रे?"

"पापणी लवायच्या आत पोचतो, मावशी."

"मग सात एकोणसाठला जाऊन दाखव."

निरोप्यानं मिनिटं पाहिली, एकोणसाठ. तासांकडे वळेपर्यंत आठ वाजले. "आठ एकोणसाठ," त्यानं येऊन सांगितलं.

"मी असं म्हटलंच नाही," घड्याळ म्हणालं.

निरोप्याचा चेहरा उतरला. संगणक दिवसभर तासभर पुढे चालला असता, बाराचं पाणी अकरालाच सुटलं असतं, आणि तेव्हा कालव्यात माणसं गाळ काढत असतात.

त्यानं ओळी बदलल्या. आता तास पाहून तो पुन्हा मिनिटांपाशी जाई, आणि ती बदललेली दिसली तर सगळं पहिल्यापासून वाची.

"आता तरी विश्वास बसला?"

"नाही. आणखी एकदा जाऊन ये," चाळणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाळ काढणारे काठावर येऊन भाकरीची फडकी सोडून बसले, आणि मग बाराला पाणी आलं. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.