खोप्याचा झरोका

फार जुनी गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरणींचे खोपे होते. एकदा सापाने अंडी खाल्ली, तेव्हा सगळ्यांनी कोतवाल पक्ष्याला राखणीला बसवलं. त्याला आतलं दिसावं म्हणून प्रत्येकीने आपल्या विणलेल्या खोप्याला झरोका पाडला.

धाकटी सुगरण एकदा नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, हा सापापेक्षा आपल्यावरच जास्त नजर ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ती दाणे घेऊन परतली, तर अंडी गायब! कोतवाल जागेवरच होता.

"कोतवालदादा, साप दिसला नाही तुम्हाला?" ती किंचाळली.

"दिसला की," चोचीने पंख साफ करत तो म्हणाला. "काल तू नवऱ्याला काय म्हणालीस, तेही ऐकलं होतं."

बाभळीवरची चिवचिव थांबली. काल आपण घरात काय बोललो, ते प्रत्येक सुगरण आठवू लागली.