सगुणाबाईची मोकळी कबर

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. रविवारच्या शाळेच्या शांतवनबाई तीन आठवडे माझ्या ओट्यावर येऊन बसतात, चहा पितात आणि लिहून द्या, लिहून द्या करतात. माझं शिक्षण चौथी, तीही धड नाही. शुद्धलेखन बाईंनी बघावं. पोरं घाबरतील असं काही असलं तर गाळू का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मग घेऊच नका. मेलेल्यांची गोष्ट आहे, बारशाची नाही.

तर ऐका. माझ्या पणज्याला मिसरूड फुटलं नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वी आपल्या बोरखडीत सटवाजी नावाचा माणूस होता. गावातली पहिली सात घरं ख्रिस्ती झाली, त्यात तो आणि त्याची बायको सगुणा. बाप्तिस्म्याच्या वेळी गोरा साहेब म्हणाला, तुझं नाव आता शमुवेल. सटवाजी नको म्हणाला. शेवटचा कर्णा वाजेल, मेलेल्यांना हाका मारतील, तेव्हा शमुवेल म्हणून हाक आली तर मला कळायचं नाही, मी झोपून राहीन. साहेब हसला, असं म्हणतात. सटवाजी हसला नव्हता.

वर्षाच्या आत पटकीची साथ आली आणि सगुणा गेली. आपल्यातलं पहिलं मरण. गावाने पुरायला जागा दिली ती प्रवरेच्या काठची, जी कुणालाच नको होती ती. सटवाजीने स्वतः खणलं. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे प्रभू उगवतीकडून येईल तेव्हा माणूस उठून बसला की तोंड बरोबर त्याच्याकडे. आपण आजही तसंच पुरतो. त्या दिवसापासून मंडळीतल्या प्रत्येकाची कबर सटवाजीनेच खणली. अठरा वर्षांत एक्केचाळीस झाल्या.

पण नदी काठ खात होती. दर पुराला हातभर. एका पावसाळ्यानंतर काठावरची एक कबर उघडी पडली आणि म्हाताऱ्या केरूबाचा पाय बाहेर दिसायला लागला. सटवाजीने तो पाय धुतला, फडक्यात गुंडाळला आणि देवळात येऊन सांगितलं, सगळ्यांना वर माळावर न्यायचं.

मंडळीला ते पटलं नाही. आत्मा गेला, हाडं काय करायची, असं लोक म्हणाले. पाळकसाहेबांनी समजावलं, देवाने माणूस मातीतून केला, तो नदीतूनही परत करील.

सटवाजी म्हणाला, "त्याला जमेल, साहेब. पण मेलेले उठणार म्हणून आपण दर रविवारी बोलतो आणि आपलीच माणसं वाहून जाऊ देतो. ते त्याला कसं दिसंल?"



सुगी झाल्यावर त्याने कुदळ उचलली. एकट्याने. हाड हातात घेतलं की कुणाचं ते तो सांगायचा, असं म्हणतात. हा दगडूचा पाय, गाडीखाली आला होता. ही भागूची मान, डोक्यावर पाणी वाहून वाकलेली. कबर उघडली की आधी बोलायचा, "उठू नका. अजून वेळ झाली नाही. नुसती जागा बदलतोय." एकदा त्याने हे सांगायच्या आधीच कुदळ घातली, तर आतल्या माणसाने कूस बदलली, असंही म्हणतात. मी नव्हतो. पण ज्यांनी सांगितलं ती माणसं खोटं बोलणारी नव्हती.

उन्हाळा संपेपर्यंत चाळीस कबरी माळावर गेल्या. एक राहिली.

सगुणाची. सगळ्यात आधीची आणि आता नदीच्या सगळ्यात जवळची. रोज सकाळी तो तिच्याजवळ जाऊन बसायचा आणि कुदळ न मारता परत यायचा. उद्या, म्हणायचा. दुसऱ्यांची हाडं त्याने लेकरांसारखी उचलली होती, पण तिची उचलायला हात होईना. कबर बंद होती तोवर ती त्याला तोंडासकट आठवत होती. पाळकसाहेब म्हणाले, आम्ही काढतो, तू घरी थांब. सटवाजीने कुणाला हात लावू दिला नाही. मी ठेवली, मीच काढीन.

आषाढात एका दुपारी ऊन पडलेलं होतं. आपल्याकडे थेंब नव्हता, पण वर घाटात कोसळलं होतं. पाणी आवाज करत आलं. सटवाजी कुदळ घेऊन पळाला तेव्हा कबर आणि नदी यांच्यात दोन पावलं जमीन उरली होती. त्याने पहिला घाव घातला आणि काठ भाकरीसारखा तुटला. चौघांनी त्याला धरलं म्हणून तो राहिला. ती गेली.

पूर ओसरल्यावर तो काठाकाठाने निघाला. वाळू चाळत, डोह बघत, संगमापर्यंत गेला. तिथे लोक आपापल्या माणसांच्या अस्थी पाण्यात सोडत होते. एकाने त्याला सांगितलं, बाबा, आम्ही आमची माणसं हाताने सोडायला येतो आणि तू काढायला आलास. सटवाजी म्हणाला, तुमची जाणार आहेत, आमची उठणार आहेत.

सात वर्षं तो असा हिंडला, असं म्हणतात. वाळूत जे जे माणसाचं हाड सापडलं ते घेऊन आला. कुणाचं, कुठल्या जातीचं, त्याने विचारलं नाही. माळावर त्यांच्यासाठी वेगळी ओळ केली, पाय पूर्वेला. तिला आपण आजही पाहुण्यांची ओळ म्हणतो. सगुणाचं मात्र फक्त अर्धं हिरवं काकण सापडलं. त्याने ओळीच्या टोकाला तिची कबर खणली. लोक म्हणाले, काकण ठेव आणि बुजव.

"काकण उठत नाही," सटवाजी म्हणाला.

कबर तशीच ठेवून तो पुन्हा नदीकडे गेला. परत आला नाही. पुढे एकदा महापुराचं पाणी माळावर चढलं. सगळीकडे गुडघाभर झालं आणि त्या कबरीच्या कडेला येऊन थांबलं, आत थेंब गेला नाही, असं म्हणतात.

ती कबर आपण अजून मोकळी ठेवतो. पुनरुत्थानाच्या रविवारी तांबडं फुटायच्या आधी मंडळी माळावर जाते. आदल्या दिवशी गाळ काढलेला असतो. सगळे पूर्वेला तोंड करून उभे राहतात. एकाने मात्र नदीकडे तोंड करायचं आणि तीनदा हाक मारायची, "सगुणाबाई, इकडं." वाहत कुठवर गेली कुणाला ठाऊक. कर्णा वाजला तर तिला आपला काठ कळला पाहिजे. तेहतीस वर्षं ती हाक मी मारतोय.

गेल्या भाद्रपदात माझी बायको शेवंता वारली. माळावर खडक लागतो, खणायला अख्खा दिवस जातो. मंडळीच्या कमिटीचा एक माणूस माझ्या दारात, तिच्या उशाशी उभा राहून म्हणाला, "काका, खड्डा तयारच आहे की. घालून टाकू त्यात." मी कुदळ घेतली. एक्क्याऐंशीव्या वर्षी, निम्मी तरी कबर मी स्वतः खणली, पाय पूर्वेला. तो माणूस दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसतो आणि अजून मागे वळून बघत नाही. बाई, त्याचं नाव गाळू नका. दाविद मनोहर पठारे.