रेडेमहाराजांच्या भाषणाचा ठेका

त्या राज्यात तळं आटलं होतं आणि भाषणं मात्र दुथडी भरून वाहत होती. दर आठवड्याला रेडेमहाराज कोरड्या तळ्याच्या काठावर उभे राहून सांगत, "पाणी येणार आहे. थोडी कळ सोसा." मग प्रजेनं ते शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे, अशी रीत होती. पदरचा एक शब्द घातला, तरी तोंड बांधलं जाई. किती वेळा म्हणायचं, एवढं मात्र कायद्यात लिहायचं राहून गेलं होतं. कायदे करणाऱ्यांना नाचाचं अंग नसतं.

साळुंकीची पिल्लं तहानेनं चिवचिवेनाशी झाली, तेव्हा तिचं टाळकं सरकलं. तिनं शेजारच्या सुतारपक्ष्याला पोकळ खोडावर ठेका धरायला लावलं. भुंग्यानं खालून असा घुमारा दिला, की ऐकणाऱ्याच्या बरगड्या थरथरल्या. त्यावर साळुंकी हुबेहूब महाराजांच्या आवाजात सुरू झाली, "येणार, येणार, ये-ये-येणार! कळ! कळ! कळ सोसा!"

सशांपासून सरड्यांपर्यंत सगळे नाचू लागले. दरबारचा तपासनीस बगळा दोरी घेऊन धावत आला.

"शब्द कुणाचे हे?"

"महाराजांचे. एक जरी माझा निघाला, तर खुशाल चोच बांधा," साळुंकी म्हणाली.

बगळ्यानं तीनदा ऐकून तपासलं. चौथ्यांदा त्याचाच पाय हलू लागला, आणि उभं राहायला तो तेवढा एकच वापरत असल्यामुळे तो आडवा झाला.

आपल्या शब्दांवर प्रजा नाचते, हे कळल्यावर महाराज आधी फुगले. पण पुढच्या सभेत "पाणी ये" एवढं म्हणताच सगळं मैदान हसत-नाचत उसळलं. महाराज ओरडले, "हसताय काय?" साळुंकीनं तेही उचललं, "काय? काय? हसताय काय?"

"बास!" महाराजांनी खूर आपटला. "आता कुणी हूं की चूं करायचं नाही. मीसुद्धा बोलणार नाही!"

ठेका थांबला. भुंगा गप्प झाला. नाचणारे एकेक पाय उचललेल्या स्थितीतच थिजले. इतकी शांतता त्या राज्यानं कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात महाराजांच्या मागच्या वेळूच्या बनातून आवाज आला. डुबुक. मग शेपटीचा छपाका, आणि राणीसाहेबांचा समाधानाचा सुस्कारा. पुन्हा डुबुक.

साळुंकीनं चोच उघडली नाही. उचललेले सगळे पाय एकदम खाली आले, ते बनाच्या दिशेनं.