यादीतलं पहिलं नाव

कागद कारखान्याचा जुना बॉयलर आठ दिवस थंड पडला होता. तो चालू करणारा जाणकार मिळावा म्हणून मालक बाबरांनी माणसं शोधून देणारं महागडं सॉफ्टवेअर आणवलं आणि भरतीचं काम बघणाऱ्या मंदाकिनीबाईंना बजावलं, "पहिलं नाव येईल त्याला त्याच्या मालकाकडून फोडून आणा. असा जाणकार हातचा जाऊ देणारा मालक मूर्खच म्हणायचा."

पहिलं नाव वाचून मंदाकिनीबाईंनी यादीचा कागद उचलला. मग बाबरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"शंकर ठोसर. सध्याची नोकरी, आपलाच कारखाना."

"मग कामावर का नाही?"

"गेल्या दिवाळीत तुम्हीच काढलंत, साहेब. लाजेपोटी त्यांनी ते ऑनलाइन माहितीत अजून बदललेलं नाही. फोन लावते. पण त्यांच्या मालकाला तुम्ही काय म्हणालात, तेही सांगू का?"